मिशन यात्रेला निघताना: परक्या संस्कृतीत आदराने कसं वागावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चर्चमधून, युवक संघातून किंवा एखाद्या संस्थेमार्फत आठ-पंधरा दिवसांच्या मिशन यात्रेला निघालेल्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवली आहे. यात्रा संपली की तुम्ही घरी परतता, पण तुमच्या वागण्याचे परिणाम तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या वाट्याला येतात, कारण त्यांना त्याच शेजाऱ्यांमध्ये राहायचं असतं. कुठे अडलात तर आधी हे विचारा, की मी चुकलो तर निस्तरणार कोण?

दुसऱ्यांच्या संस्कृतीचा आदर करायचा म्हणजे आपल्या विश्वासात पाणी घालायचं का?

नाही. हा प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे. परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घेतलीच पाहिजे का, यावरून इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमेत मोठा वाद झाला. तो प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15 मध्ये सविस्तर आला आहे. तिथे प्रेषितांनी आणि वडिलांनी परराष्ट्रीयांवर सुंतेचं ओझं लादायचं नाही असं ठरवलं. ख्रिस्ती होण्यासाठी आधी यहूदी होण्याची गरज नाही, हा त्याचा अर्थ.

तेच आजही लागू आहे. येशूवर विश्वास ठेवणं ही एक गोष्ट आणि उपासनेला गिटार हवी, खुर्च्या हव्यात, प्रवचन अर्ध्या तासात आटपायला हवं ही दुसरी. पहिली तुमची श्रद्धा आहे, दुसरी सवय. 1659 मध्ये रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य केंद्राने, आशियात पाठवलेल्या धर्माधिकाऱ्यांना लेखी सूचना दिल्या होत्या. श्रद्धेच्या आणि नीतीच्या उघड विरुद्ध नसतील तर लोकांचे रीतिरिवाज बदलायला लावू नका, आणि फ्रान्स, स्पेन, इटली उचलून चीनमध्ये नेण्याचा वेडेपणा करू नका, असं त्यांत स्पष्ट म्हटलं होतं. सूचना उत्तम होत्या. पाळल्या किती गेल्या, ते पुढे येईलच.

आम्ही जिथे जातोय तिथे आधीपासून चर्च आहे. मग आम्ही नेमकं काय करायचं?

आधी ते चर्च काय म्हणतं ते ऐकायचं. ‘आम्ही तिथे ख्रिस्त घेऊन चाललोय’ ही भाषा आधी सोडून द्या. इथिओपियाचंच बघा. तिथल्या एझाना राजाने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणजे उत्तर युरोपातले बरेचसे देश ख्रिस्ती व्हायच्या कितीतरी आधी. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवार, शुक्रवार आणि इतर उपासकाळ मिळून वर्षातले साधारण निम्मे दिवस मांस, दूध, अंडी यांना शिवत नाहीत. चर्चमध्ये शिरताना पायांतलं बाहेर काढतात. अशा ठिकाणी बूट घालून आत जाणारा आणि लोकांना प्रार्थनेचं महत्त्व समजावणारा पाहुणा म्हणजे उंटावरचा शहाणाच.

स्थानिक पाळकांना किंवा धर्मगुरूंना जाण्यापूर्वीच विचारा की तुमची गरज कशासाठी आहे. उत्तर कधीकधी ‘खरं तर कशासाठीच नाही, पण या, ओळख होईल’ असं असतं. तेही मान्य करा. काहीतरी करून दाखवण्याची निकड बहुतेक वेळा पाहुण्यांचीच असते.

निघण्यापूर्वी तयारी किती आणि कसली?

तिथल्या भाषेत नमस्कार, धन्यवाद, माफ करा, पाणी, पुरे एवढे शब्द तरी तोंडात बसलेले हवेत. त्या देशाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचा. तिथे कोणी राज्य केलं, कोणती युद्धं झाली, मिशनरी कधी आणि कोणाच्या पाठोपाठ आले हे माहीत हवं. सण आणि उपासाचे दिवस आधी पाहून घ्या. रमजानमध्ये मुस्लिमबहुल भागात भर दुपारी रस्त्यावर बाटली तोंडाला लावणारा गट लोकांच्या लगेच नजरेत भरतो.

आणि हे सगळं विमानात बसल्यावर नाही. वरातीमागून घोडं नाचवण्यात अर्थ नाही.

कपड्यांचं काय?

खांदे आणि गुडघे झाकलेले असले की बहुतेक ठिकाणी चालतं. त्यापुढचं यजमानांना विचारा. अनेक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये स्त्रियांनी डोकं झाकायची आणि पुरुषांनी टोपी काढायची पद्धत आहे.

तिथला पोशाख घालावा का, असंही विचारलं जातं. हडसन टेलर हे इंग्रज मिशनरी 1854 मध्ये शांघायला पोचले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी चिनी पेहराव आणि लांब वेणी स्वीकारली. त्या वेळी बाकीच्या परदेशी मिशनऱ्यांनी त्यांची टिंगल केली. पण ते तिथे आयुष्य काढायला गेले होते. दहा दिवसांच्या पाहुण्याने फोटोपुरता पारंपरिक पोशाख चढवणं म्हणजे त्यांचा कित्ता गिरवणं नव्हे. यजमानांनी आपणहून भेट दिली तर आनंदाने घाला. तिथे विशिष्ट मानाचा किंवा धार्मिक अधिकाराचा समजला जाणारा पोशाख मात्र स्वतः विकत घेऊन मिरवू नका.

पुढे वाढलेलं खाता आलं नाही तर?

लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना पाठवताना दोन सूचना देतो. जे पुढे वाढतील ते खा, आणि एका घरातून दुसऱ्या घरी मुक्काम हलवत बसू नका. पहिली सगळ्यांना पाठ असते, दुसरीकडे कोणी लक्ष देत नाही. जिथे अंघोळीला गरम पाणी मिळतं त्या घरी मुक्काम हलवला, की आधीच्या यजमानीणबाईंना गावात मान खाली घालावी लागते. त्यामुळे उतरलात तिथेच राहा.

खाण्यात खरी अडचण असेल, म्हणजे ॲलर्जी असेल, औषधं चालू असतील किंवा पोट बिघडलेलं असेल, तर स्थानिक संयोजकाला आदल्या दिवशी कळवा. तो योग्य शब्दांत निरोप पोचवेल. ताटावर बसून तोंड वाकडं करणं, वास घेऊन बघणं, आपल्या भाषेत शेजारच्याशी कुजबुजणं हे सगळं समोरच्याला कळतं. चेहरा वाचायला भाषा लागत नाही. अगदीच जमत नसेल तर थोडं घ्या, सावकाश खा आणि ताट रिकामं करायची घाई करू नका. कित्येक घरांत रिकामं ताट दिसलं की पुन्हा वाढतात.

घरात आहे नाही ते सगळं पाहुण्यापुढे ठेवलं जातं आणि मुलं मागून जेवतात, असंही दिसेल. तिथे दुसऱ्यांदा घेताना हात जरा आखडता ठेवा.

दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळी जावं का? तिथे प्रसाद दिला तर?

जायला हरकत नाही, पण जायचं ते बघायला आणि समजून घ्यायला. तिथे उभं राहून ‘हे अंधारात आहेत’ अशी मोठ्याने प्रार्थना करणं, पत्रकं ठेवून येणं, मूर्तीकडे बोट दाखवून हसणं यातलं काहीही चालणार नाही. पौल इफिसात दोन वर्षांहून जास्त राहिला. तिथे दंगल उसळली तेव्हा शहराच्या अधिकाऱ्याने जमावाला सांगितलं की या माणसांनी मंदिर लुटलेलं नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही (कृत्ये 19). पौलाने त्या शहरात शिकवायचं काही कमी ठेवलं नव्हतं. तरीही देवीची निंदा केली असा ठपका त्या अधिकाऱ्याने त्याच्या माणसांवर ठेवला नाही. आपल्या गटाबद्दल तिथला सरपंच किंवा पोलीस अधिकारी असं म्हणू शकेल का, हे ज्याने त्याने तपासून बघावं.

प्रसादाबद्दल ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अध्याय 8 आणि 10 मध्ये, पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाची चर्चा केली आहे आणि दुसऱ्याच्या सद्सद्विवेकाला जपायला सांगितलं आहे. तुमचं मन घेत नसेल तर हात जोडून नम्रपणे नाही म्हणा. घेतलं असेल तर बाहेर येऊन कचऱ्यात टाकू नका. तिथले ख्रिस्ती लोक या बाबतीत काय करतात ते आधी विचारा. ते घेत नसतील आणि तुम्ही घेतलंत, तर ‘तुमचे पाहुणे घेतात, मग तुम्ही का नाही?’ हे त्यांना वर्षभर ऐकावं लागेल.

फोटो काढायला परवानगी विचारली की झालं ना?

तेवढ्याने होत नाही. वैद्यकीय शिबिराची रांग डोळ्यांपुढे आणा. तापाने फणफणलेलं बाळ छातीशी धरून एक बाई दोन तास उभी आहे. तिचा नंबर येतो, टेबलापलीकडचा पाहुणा गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन हसत विचारतो, ‘एक फोटो काढू?’ ती मान हलवते. ही परवानगी झाली का? औषध त्याच्या हातात असताना ती नाही कशी म्हणेल?

म्हणून ज्याच्या हातात मदत आहे त्याने फोटो मागू नये आणि काढू नये. आजारी, उघडी, रडणारी, प्रार्थनेत बुडालेली माणसं कॅमेऱ्यात नकोत. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत आणि समाजमाध्यमांवर गावाचं नाव जोडून तर मुळीच नकोत. जिथे ख्रिस्ती होणं धोक्याचं आहे, तिथे बाप्तिस्म्याचा किंवा घरगुती उपासनेचा एक फोटोही कोणाची नोकरी किंवा घर घालवू शकतो. फोटो काढलाच तर तो ज्याचा आहे त्याला दाखवा आणि नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसून टाका.

अनाथाश्रमाला भेट द्यायची आमच्या गटाची फार इच्छा आहे. काही अडचण?

आहे, आणि मोठी आहे. जगभरातल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत असतात. मुलं तिथे पोचतात ती मुख्यतः गरिबीमुळे. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की आश्रम भरलेले ठेवण्यात काहींचा फायदा होऊ लागतो. कंबोडिया आणि नेपाळमध्ये हे इतकं वाढलं की 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, त्या वेळच्या संसदीय चौकशीत अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची स्वतंत्र दखल घेतली गेली.

दुसरी बाजू मुलांच्या मनाची. दर पंधरवड्याला नवी माणसं येतात, मांडीवर घेतात, गाणी शिकवतात, रडत निरोप घेतात आणि पुन्हा कधी दिसत नाहीत. मुलं अनोळखी माणसाच्याही गळ्यात पडतात ती प्रेम उतू चाललंय म्हणून नव्हे. त्यांनी तसं जगायला शिकून घेतलेलं असतं.

हैतीत जानेवारी 2010 मध्ये भूकंप झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत 10 अमेरिकन मिशनरी 33 मुलांना घेऊन डॉमिनिकन रिपब्लिकची सीमा ओलांडताना अडवले गेले आणि त्यांना अटक झाली. मुलांची कागदपत्रं नव्हती आणि बऱ्याच मुलांचे पालक जिवंत निघाले. हेतू चांगला होता असं ते सांगत राहिले. तो असेलही, पण तेवढ्याने मूल आईजवळ परत जात नाही. मुलांसाठी काही करायचंच असेल तर ती आपल्या घरी राहावीत म्हणून काम करणाऱ्या स्थानिक लोकांना पाठबळ द्या.

आम्ही बांधकामात किंवा रंगकामात मदत करणार आहोत. ते तर निरुपद्रवी आहे?

गावात गवंडी आहे का, हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी असतो, आणि तो कामाच्या शोधात असतो. हातात कधी थापी न धरलेली वीस माणसं भिंत रचायला लागतात. गवंडी कडेला उभा राहून बघतो. ओळंबा सोडून बघावं तर तिसऱ्याच थराला भिंत पोटात आलेली असते. पाहुणे जेवायला गेले की तो मुकाट्याने दोन थर उतरवतो आणि पुन्हा रचतो, त्याची मजुरी न घेता. पाहुण्यांच्या येण्याजाण्यावर झालेला खर्च त्याच्या मजुरीवर झाला असता तर भिंतही सरळ उभी राहिली असती.

काम करायचंच असेल तर गवंड्याला मुकादम करा. तुम्ही पाणी भरा, विटा पोचवा, माल कालवा आणि तो सांगेल तसं वागा.

भेटवस्तू आणि पैसे कसे द्यावेत?

हाताहाती, रस्त्यावर, मुलांच्या घोळक्यात कधीच नाही. जे द्यायचं ते स्थानिक मंडळीशी बोलून, त्यांच्यामार्फत. मदतीला श्रद्धेची अट जोडायची नाही, तशी शंका येऊ देईल असंही काही करायचं नाही. तांदळाच्या पोत्यावर बायबल ठेवून दिलं, तर घेणाऱ्याने नक्की काय घेतलं हे त्याच्या शेजाऱ्यांनी आपापल्या परीने ठरवलेलंच असतं. व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद, जागतिक चर्च परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून 2011 मध्ये ख्रिस्ती साक्षीसंबंधी एक निवेदन काढलं. एरवी या संस्थांचं फारशा गोष्टींवर जमत नाही. पण लोकांच्या गरिबीचा फायदा घेणं आणि आमिषं दाखवणं ख्रिस्ती साक्षीत बसत नाही, यावर त्यांचं एकमत झालं.

दुभाष्याबरोबर काम करताना काय लक्षात ठेवावं?

तो यंत्र नाही. प्रवचन त्याला आदल्या रात्री वाचायला द्या. वाक्य पुरं करून थांबा. ‘आणि त्या दिवशी देवाने मला...’ इथे नाट्यमय विराम घेतलात तर कित्येक भाषांत तो बिचारा वाक्य सुरूच करू शकत नाही. बोलताना लोकांकडे बघा, त्याच्याकडे नाही. आणि मधूनमधून त्याला एकट्याला विचारा, ‘लोक काय समजले?’

लुस्त्र नावाच्या शहरात पौलाने एका पांगळ्याला बरं केलं. लोक आपल्या लुकवनी भाषेत ओरडू लागले की माणसांच्या रूपात देवच आले आहेत. त्याचा सोबती बर्णबा याला झ्यूस ठरवलं, पौलाला हर्मीस, आणि बैल, हार आणून यज्ञाची तयारी चालू झाली. काय चाललंय हे कळल्यावर दोघं कपडे फाडत गर्दीत धावले (कृत्ये 14). समोरचे खूश दिसले म्हणजे त्यांना आपलं म्हणणं कळलं, असं समजू नये.

धर्मप्रसाराला कायद्याने बंदी असेल तर?

तर ती बंदी आहे हे धरूनच चाला. नेपाळच्या 2015 च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर घडवायला मनाई केली आहे. 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढलं जातं. पर्यटक व्हिसावर जाऊन सभा घेणं हा कित्येक देशांत व्हिसाच्या अटींचा भंग ठरतो. ‘आम्ही देवाची आज्ञा पाळतो’ असं म्हणून खोटा फॉर्म भरणाऱ्याला फार तर परतीच्या विमानात बसवतात. ज्याच्या घरी तो उतरला होता त्याची मात्र पुढे महिनोन्महिने चौकशी चालते.

ज्यांना कोणी यायलाच नको आहे, अशा लोकांकडे जावं का?

नको. नोव्हेंबर 2018 मध्ये एक तरुण अमेरिकन मिशनरी अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनल बेटावर बेकायदा उतरला आणि मारला गेला. त्याला तिथे नेल्याबद्दल मच्छिमारांना अटक झाली. त्या बेटावरच्या लोकांनी बाहेरच्यांना नको हे वेळोवेळी बाण रोखून सांगितलं आहे, आणि बाहेरच्या साध्या सर्दी-गोवराला तोंड द्यायची ताकद त्यांच्या शरीरात नसण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या धाडसाचं कौतुक करणारेही भेटतात. मला ते पटत नाही.

तिथली एखादी प्रथा खरोखरच चुकीची वाटली तर गप्प बसायचं?

मुलांवर किंवा कोणावर हिंसा होत असेल तर गप्प बसायचं नाही. स्थानिक नेत्यांना आणि योग्य यंत्रणेला लगेच सांगायचं. बाकी बाबतीत मात्र आधी ‘हे असं का करतात?’ असं विचारा, आणि उत्तर एकाच माणसाकडून घेऊ नका.

मत्तेओ रिची हे इटालियन कॅथलिक मिशनरी 1583 मध्ये चीनमध्ये गेले. आधी बौद्ध भिक्षूंसारखे कपडे घालत. तिथे मान विद्वानांना आहे हे उमगल्यावर 1595 पासून विद्वानांचा पोशाख घालू लागले. ग्रंथ वाचले, नकाशे काढले, आणि पूर्वजांना मान देण्याचे विधी म्हणजे मूर्तिपूजा नव्हे असं मत बनवलं. ते वारल्यावर चीनच्या सम्राटाने बीजिंगमध्ये त्यांच्या दफनासाठी जागा दिली. पुढे युरोपात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी वाद पेटवला. 1704 मध्ये रोमने ते विधी निषिद्ध ठरवले, 1715 आणि 1742 मध्ये बंदी पक्की केली. 1692 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणारा कांग्शी सम्राट संतापला आणि 1724 मध्ये त्याच्या वारसाने धर्मावरच बंदी घातली. रोमने आपली बंदी 1939 मध्ये शिथिल केली. दोन शतकं कितीतरी चिनी ख्रिस्ती लोकांना आईबापांचा मान ठेवावा की चर्चचं ऐकावं, या कात्रीत राहावं लागलं.

कोणी जुन्या मिशनऱ्यांच्या अन्यायांबद्दल बोललं तर काय उत्तर द्यावं?

बचाव करू नका, ऐकून घ्या. कॅनडात 1,50,000 हून अधिक आदिवासी मुलांना निवासी शाळांत ठेवलं गेलं. यातल्या बऱ्याच शाळा चर्चतर्फे चालत आणि तिथे स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. जुलै 2022 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टात जाऊन त्याबद्दल माफी मागितली. समोरच्याच्या घरातलं कोणी त्या शाळेत गेलेलं असेल, तर मिशनऱ्यांनी काढलेल्या दवाखान्यांची यादी तिथे काढू नये.

आमच्याकडून चूक झालीच तर?

होणारच. तिथल्या तिथे, थोडक्यात माफी मागा. दहा वेळा मागितलीत तर समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. नंतर संयोजकाला सांगा. त्याला काही निस्तरायचं असेल तर ते तुम्ही असतानाच होऊ दे.

परत आल्यावर मंडळीत अनुभव कसा सांगावा?

‘त्यांच्याकडे काहीच नाही, तरी ते किती आनंदी आहेत’ हे वाक्य टाळा. त्यांच्याकडे बरंच काही आहे, आणि जे नाही त्याचा त्यांना त्रासही होतो. माणसांची नावं, त्यांच्या घरातली दुःखं, धर्मांतराच्या गोष्टी त्यांच्या परवानगीशिवाय पडद्यावर दाखवू नका. ज्यांच्याकडून शिकलात त्यांच्या कामाबद्दल बोला, म्हणजे तिथला पाळक काय करतो, तिथल्या बायकांनी काय उभं केलंय.

अहवाल लिहून झाला की छापायच्या किंवा पाठवायच्या आधी तिथल्या पाळकांना वाचायला द्या. त्यांना कळेल अशा भाषेत द्या आणि उत्तर यायला पुरेसे दिवस द्या. त्यांनी एखादा परिच्छेद काढायला सांगितला तर कारण न विचारता काढा.